दम भर

ज्याला घाई आहे त्याने शिळफाट्यावर छायाच्या गिरणीत जाऊ नये. जरा पुढे दुसरी गिरणी आहे. तिथला माणूस बटण दाबतो न दाबतो तोच डबा उपडा करतो, आणि घरी जाऊन पिठात भरडा निघाला की लोक गव्हाला शिव्या देतात. छाया बटण दाबते आणि कमरेवर हात ठेवून उभी राहते. चक्कीचा आवाज चढत चढत एका जागी येऊन ठरला की मगच दाणा सोडते. कुणी घड्याळ दाखवलं तर ऐकवते, "दम भरतेय ती. घाई आसंल तर गहू तसाच चावून खा."

मी निवृत्त शिक्षिका. उभा जन्म दुसऱ्यांना गप्प बसवण्यात गेला, पण छायापुढे मीच गप्प बसते. अंगाने किरकोळ बाई, पन्नाशी जवळ आलेली. चक्कीच्या घरघरीवरून बोलायची सवय इतकी की चक्की बंद असली तरी ती त्याच पट्टीत बोलते. नवरा कारखान्यात पाळीवर जातो आणि घरी आला की हसतो. देवाने दोघांच्या वाटणीचं बोलणं एकाच पदरात टाकलं.

आता हे "दम भरणं" आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. आपण दम भरला म्हणतो तेव्हा कुणाला तरी खडसावलेलं असतं. छायाच्या माहेरी, पोशीरला, त्याचा अर्थ वेगळा होता. तिच्या बापाची भातगिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. हँडल मारलं की ते इंजिन आधी खोकायचं, मग थरथरायचं, मग हळूहळू पट्ट्याला वेग यायचा. तोवर भात सोडला की गिरणी तुंबली म्हणून समजा. म्हणून बाप इंजिनाच्या अंगावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचा आणि म्हणायचा, "भर, दम भर!" छाया आणि तिचा धाकटा भाऊ मनोज बाजूला उभे राहून तेच ओरडायचे. गावात दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी हे ऐकलं नाही. ती त्या एका घरातली बोली होती.

मला ती ठाऊक झाली मनोजमुळे. पोशीरच्या शाळेत तो माझ्या वर्गात होता. एखादं पोर फळ्यापुढे उभं राहून एकोणिसाच्या पाढ्यात अडकलं की मागच्या रांगेतून हा हळूच म्हणायचा, "दम भर, दम भर." मला वाटायचं चिडवतोय. एकदा पट्टी उगारली तेव्हा म्हणाला, "बाई, त्याला येतंय. जरा येग येऊ द्या." मी पट्टी खाली ठेवली आणि त्या पोराने पाढा म्हटला.

हा मनोज पुढे सैनिकी शाळेत गेला, तिथून संरक्षण प्रबोधिनीत, तिथून हवाई दलात, आणि लढाऊ विमान चालवू लागला. पोशीरसारख्या भाताच्या गावातून! सुट्टीवर आला की शिळफाट्यावर बहिणीच्या गिरणीत पोत्यावर येऊन बसायचा. छायाने विचारलं होतं, "कसं आसतं रं तुज्या इमानाचं इंजिन?" तो म्हणाला, "आपल्या गिरणीसारखंच, ताय. आधी दम भरतं, मग काम करतं. मधल्या वेळात आपन नुसतं बसायचं."

सोळा वर्षांपूर्वी तो गेला. विमान उतरत होतं, चाकं टेकायला आली होती, आणि धावपट्टीवर नीलगाय आली. पुन्हा वर उचलायचा प्रयत्न झाला, विमान उचललं नाही, एक पंख खाली गेला. बाहेर फेकणारी खुर्ची असते म्हणतात, ती त्याने का वापरली नाही, हे मला कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. अपघात म्हणून नोंद झाली, कुणावर ठपका नव्हता.

दहाव्याला त्याचा एक सोबती अधिकारी पोशीरला आला होता. तरुण, उत्तरेकडचा, डोळे सुजलेले. त्या वेळी तो धावपट्टीलगतच्या खोलीत बिनतारी यंत्रावर होता. पडवीत पुरुषांमध्ये बसून त्याने मनोजचे शेवटचे शब्द सांगितले. छाया आत आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आतल्या बायकांपर्यंत निरोप पोचला तो मराठी होऊन: शेवटी म्हणाला, जरा थांबा.

जरा थांबा! त्या दोन शब्दांनी त्या घराचं वाटोळं केलं. गाव वाईट बोललं नाही. आपली माणसं वाईट बोलत नाहीत, हळहळतात. "पोर गुणाचं होतं गं, पण ऐन वेळी..." एवढं म्हणून पुढचं वाक्य गिळतात. गोंधळला, हात चालला नाही, वेळ मागत बसला, हे सगळं त्या गिळलेल्या भागात असतं. छायाचा बाप ते गिळलेलं वाक्य ऐकत ऐकत गेला. भातगिरणी बंद पडली.

हे सगळं जुनं झालं असतं. पण कर्जतच्या ऋतिकला विषय हवा होता.

ऋतिक म्हणजे वाईट पोरगा नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर मी चिडून त्याला खलनायक करून टाकीन. कर्जतच्या बाजारात त्याचा खेळांचा गाळा आहे. मोठे पडदे, विमानासारखी खुर्ची, हातात दांडा, डाव्या हाताला इंजिनाचा लिव्हर. लढाऊ विमानांचा एक खेळ तो खेळतो. त्याला खेळ म्हटलं की रागावतो, सिम्युलेटर म्हणायचं. खेळतानाचे व्हिडिओ टाकतो आणि गावोगावची पोरं ते बघतात. त्याने व्हिडिओ केला: "पोशीरचा पायलट वाचला असता का?"

मनोज चालवायचा त्याच जातीचं विमान त्याने घेतलं. नीलगाय त्या खेळात मिळाली नाही म्हणून धावपट्टीवर ट्रक उभा केला. चाकं टेकायला आली की ट्रक दिसायचा, ऋतिक लिव्हर पुढे सारायचा, आणि विमान उडी मारल्यासारखं ट्रकवरून निघून जायचं. पुन्हा केलं, पुन्हा वाचलं. दर वेळी वाचलं. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून अगदी आदराने म्हणाला, "मित्रांनो, आपल्या तालुक्याच्या हिरोला सलाम. पण विमानाने साथ दिली असती. एक क्षण हरला आणि सगळं संपलं." त्या सलामापेक्षा शिवी परवडली.

पोशीरच्या व्यायामशाळेत मनोजचा फोटो होता. त्या व्हिडिओनंतर पोरांनी रंगकामाच्या नावाखाली तो उतरवला. रंग लागला, वाळला, फोटो काही परत चढेना. छायाने कुणाला विचारलं नाही. पोशीरला गेली, वजनांच्या मागून फोटो उचलला, तिथे कसरत करणाऱ्या पोरांना म्हणाली, "दंड मोठं झालं रं तुमचं, बाकी सगळं तसंच राह्यलं," आणि फोटो आणून गिरणीत बटणाच्या वर टांगला. त्याच्यावर पीठ बसतं. ती पदराने पुसते.

व्हिडिओ तिने पाहिला तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर. गोदूबाई दळणाला आली होती, तिने "बघ तरी काय म्हणतोय मेला" म्हणून समोर धरला. विमान ट्रकवरून गेलं तेव्हा छाया दाणा सोडतच राहिली. पण मध्येच ऋतिकने पोशीरच्या भिवाजीकाकांना बोलतं केलं होतं. भिवाजी तिचे चुलत काका, दहाव्याला पडवीत त्या अधिकाऱ्याच्या शेजारी बसलेले. म्हातारा सांगत होता, "त्यो सायब हिंदीत म्हनाला, आखिर में मनोजने कहा, दम भर. म्हंजे काय, तर जरा थांबा. त्यानंच उलगडून सांगितलं आमाला."

छायाने गोदूबाईच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. "परत लाव." परत ऐकलं. मग तिने अर्ध्या दळणात चक्की बंद केली. ही गोष्ट तिने लग्न होऊन आल्यापासून कधी केली नव्हती.

माझ्या दारात आली तेव्हा कोपरापर्यंत पीठ होतं. "बाई, त्यो 'जरा थांबा' म्हनालाच नव्हता. 'दम भर' म्हनाला व्हता. मनोज 'दम भर' म्हनाला, आन् मला कुनी सांगितलंबी नाय!"

मला पाढ्यात अडकलेलं पोर आठवलं. तरी एक गोष्ट कळेना. त्या अधिकाऱ्याने "जरा थांबा" असा अर्थ कुठून काढला? ते कोडं मकसूदने सोडवलं. मकसूदचं शिळफाट्यावर मोबाइल आणि संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, गिरणीला लागूनच. तो म्हणाला, "छायाताई, हिंदीत दमभर म्हणजे क्षणभर. आमच्या घरातपण म्हणतात, दमभर ठहरो. तो साहेब हिंदीवाला. त्याला वाटलं, मनोज एक क्षण मागतोय."

एवढंच झालं होतं. मरताना पोराच्या तोंडून घरची बोली निघाली, ऐकणाऱ्याने ती आपल्या बोलीत ऐकली, आणि सोळा वर्षं एक माणूस भित्रा ठरला. त्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. रडत रडत खरं तेच सांगितलं बिचाऱ्याने. फक्त अर्थ सांगायला नको होता.

"म्हंजे लिव्हर पुढं करून झाला व्हता," छाया म्हणाली. "इंजिनाला सांगत व्हता तो. ज्यानं बटान दाबलंच नाय तो चक्कीला दम भर म्हनंल का, बाई?"

तिने लगेच ऋतिकला फोन लावला. तो नम्रपणे बोलला, हेच वाईट. "मावशी, शब्दाचं मला सांगता येणार नाही. पण सिम्युलेटर खोटं बोलत नाही. लिव्हर दिला की विमान उचलतंच. खोटं वाटत असेल तर तुम्ही स्वतः चालवून बघा."

छायाला कुणी "स्वतः करून बघा" असं म्हणू नये. आठवड्याभरात गिरणीच्या मागच्या खोलीत गव्हाच्या पोत्यांमध्ये एक संगणक आला. मकसूदने जुन्या भागांतून जुळवला होता. दांडा आला, लिव्हर आला. मकसूदने वर जुनं लुगडं पांघरलं आणि बजावलं, "पंख्यात पीठ गेलं तर याची भाकरी होईल, ताई." दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की छाया लुगडं बाजूला करून विमान उडवायला बसायची. शिळफाट्यावर हसू पिकलं. गिरणीवाली पाकिस्तानवर जाणार म्हणे! ती म्हणायची, "आधी तुमच्या घरावरनं जाईन, कौलं सांभाळा."

मी शेजारी बसायचे. तिने विमान शेतात पाडलं, समुद्रात पाडलं, धावपट्टी सोडून सगळीकडे पाडलं. "उतरायला शिकल्याबिगर त्याला काय झालं ते मला कळायचं नाय," असं म्हणून परत उडायची. महिना दीड महिना गेला. हळूहळू विमान धावपट्टीवर टेकू लागलं. मग ती ट्रक दिसल्यावर लिव्हर पुढे सारू लागली, आणि विमान दर वेळी उचलू लागलं. तिचं स्वतःचं विमानसुद्धा! मला भीती वाटली की आता ही कोसळणार. ऋतिकचं खरं निघालं तर?

छायाने कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा केलं. मग डोळे मिटून केलं, नुसतं ऐकत. "बाई, लबाडी हाय. आवाज आजून चढतोय, आन् इमान आधीच पळालं. दाना पडायच्या आधी पीठ कसं येतंय?"

मकसूदने शोध घेतला. त्या खेळातलं ते विमान कुण्या हौशी लोकांनी बनवलं होतं, आणि त्यांच्या पानावर सगळं उघड लिहिलेलं होतं. लपवाछपवी काही नव्हती. पहिल्यांदा त्यांनी इंजिन खऱ्यासारखं केलं होतं. जेट इंजिनात पुढचा पंखा हवा कोंबतो, त्या हवेत इंधन जळतं, आणि त्या जाळावर मागचा पंखा फिरून पुढच्याला फिरवतो. हवा वाढल्याशिवाय जाळ वाढत नाही आणि जाळ वाढल्याशिवाय हवा वाढत नाही. चुलीत एकदम रॉकेल ओतलं तर भडका उडतो, स्वयंपाक होत नाही, तसंच तिथेही एकदम इंधन ओतून चालत नाही. म्हणून मंद फिरणारं जुनं इंजिन पूर्ण जोरावर यायला काही सेकंद घेतं. लिव्हर पुढे सारलेला असतो आणि विमान खालीच जात असतं. हे खरं इंजिन खेळणाऱ्यांना आवडलं नाही. मेलेलं इंजिन, आळशी इंजिन, पैसे परत द्या, अशी बोंब झाली. मग त्यांनी पुढच्या आवृत्तीत ते चपळ केलं. आवाज तेवढा जुनाच राहिला. खाली लिहिलं होतं, खेळताना मजा यायला हवी. ज्यांना जुनं इंजिन हवं असेल त्यांच्यासाठी तेही ठेवलं होतं.

"मजा," छाया म्हणाली. एवढा एकच शब्द, पण पोत्यांवरचं पीठ उडेल असा.

त्या हौशी लोकांचा काही गुन्हा नाही. त्यांना पोशीर कुठे ते माहीत नाही. खेळ करा, तो गोड करा, माझी ना नाही. पण गोड केलेल्या इंजिनावर बसून मेलेल्या माणसाचा निवाडा करायचा नाही. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

छायाने ऋतिकला गिरणीत बोलावलं. तो आनंदाने आला. गिरणीवाली मावशी विरुद्ध आपण, असा झकास व्हिडिओ त्याला दिसत असणार. रविवारची सकाळ, डबे घेऊन बायका रांगेत. ऋतिकने कॅमेरा मागच्या खोलीत तिपाईवर लावला आणि म्हणाला, "करूया सुरू?"

"रांगंतली दळनं व्हऊ दे," छाया म्हणाली. "बस त्या पोत्यावर."

तो पोत्यावर बसला. काळी पँट पांढरी झाली. शेवटचं दळण झालं तरी एकही बाई घरी गेली नाही. सगळ्या मागच्या खोलीच्या दारात दाटीवाटीने उभ्या राहिल्या.

मकसूदने जुन्या इंजिनाचं विमान लावलं. अट साधी होती. ट्रक नाही, काही नाही. ऋतिकने उतरायचं, आणि चाकं टेकायच्या बेताला आली की छाया तिच्या मनात येईल तेव्हा टाळी वाजवेल. टाळी वाजली की नीलगाय आली समजायचं आणि परत वर जायचं.

पोरगा हुशार होता, हात सराईत होता. विमान सुरेख खाली आलं. लिव्हर मागे, इंजिन मंद. टाळी वाजली. ऋतिकने क्षणात लिव्हर पुढे सारला. अजिबात उशीर नाही, मी पाहिलं. पण काहीच झालं नाही. आवाज कुठेतरी खोलवरून चढू लागला आणि विमान खालीच जात राहिलं. तो लिव्हर अजून पुढे रेटत होता, पुढे जागाच उरली नव्हती तरी. एक पंख खाली गेला आणि पडद्यावर आग दिसली.

गोदूबाईने पदर तोंडाला लावला.

"परत," ऋतिक म्हणाला. परत तसंच झालं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिसऱ्या खेपेला मात्र विमान ढासळता ढासळता सावरलं आणि वर गेलं. "वाचला, वाचला!" बायका ओरडल्या. आपण कुणाच्या बाजूने उभ्या आहोत हे त्या विसरल्याच. ऋतिक वळून म्हणाला, "बघा मावशी. खऱ्या इंजिनावरपण वाचतं."

मला वाटलं, गेलं सगळं. दीड महिन्याची मेहनत, फोटो, सगळं पाण्यात.

छाया शांतपणे म्हणाली, "टाळीच्या आधीच तुजा लिव्हर पुढं व्हता."

"थोडासाच..."

"थोडासाच. कारन तुला ठाव व्हतं टाळी येनार. नीलगाईनं माज्या भावाला कळवलं नव्हतं रं."

ऋतिकने लिव्हरवरचा हात काढला. वाद घालू शकला असता, पण घातला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

"आन् आनखी एक," ती म्हणाली. "तुज्या त्या कॅमेऱ्यात पयली खेप लाव. आवाज मोठा कर."

त्याने लावली. टाळी वाजल्याचा आवाज आला, लिव्हर सरकल्याचा खटका आला. मग इंजिनाच्या चढत्या आवाजावर ऋतिकचाच आवाज होता, दातांतून आलेला, त्याला स्वतःलाही न कळलेला. "चल ना... चल ना यार... चल ना!" मग आग.

तो स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"हे कुनाला म्हनत व्हतास?"

"इंजिनाला," ऋतिक म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान पोरासारखा झाला होता. मग म्हणाला, "मावशी, त्यांनी बरोबर केलं होतं सगळं. माझ्यापेक्षाही लवकर हात गेला असेल त्यांचा. मी तो व्हिडिओ काढून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर."

दारातल्या बायका सुस्कारल्या. मकसूद म्हणाला, "शाबास." मलाही वाटलं, झालं. जिंकलो. चहा टाकावा.

पण छाया म्हणाली, "काढायच्या आधी एकदा लाव."

"कुठला?"

"त्योच. तुजा."

ऋतिकला कळेना. त्याने तिच्याच पडद्यावर आपलं खातं उघडून तो व्हिडिओ लावला. धावपट्टी आली, ट्रक आला, खटका झाला, आणि ते चपळ इंजिनाचं खोटं विमान लगेच नाक वर करून उठलं. ट्रक खाली गेला. चाकं पोटात गेली. खाली हिरवी शेतं लागली, विमान सावकाश डावीकडे वळलं आणि ऊन पंखावर आलं. छाया पडद्याच्या इतकी जवळ सरकली होती की मला तिचा चेहरा दिसेना. विमान वळण पुरं करून पुन्हा धावपट्टीकडे आलं, ट्रक ओलांडून पुढे अलगद टेकलं, धावत धावत कडेला जाऊन उभं राहिलं. ऋतिक खोलीत होता, तरी त्या विमानात ऋतिक नव्हता. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं.

"असा आला असता गं घरी," गोदूबाई म्हणाली आणि रडायला लागली.

"व्हय," छाया म्हणाली. तिचा आवाज चक्कीवरचा नव्हता. इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. "आला असता. तेचाळीस वर्सांचा असता. पोट सुटलं असतं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

"किती येळा बघितला मी हा," ती म्हणाली. "येक येळा रागानं बघितला. बाकी सगळ्या येळा त्यो वाचतो म्हनून बघितला. पन हा मनोज नाय. ह्या इंजिनावर कुनीबी वाचतं, मीबी वाचते. माजा मनोज सगळं बरोबर करून मेला." मग डोळे पुसले, पुसताना गालाला पीठ लागलं. "काढ."

ऋतिकने माऊसवर हात ठेवला आणि तसाच बसला. "मावशी, लोकांसाठी काढतो. तुमच्यापुरता एक तुमच्या मोबाइलमध्ये ठेवू का? कुणाला दिसणार नाही."

मी मनात म्हटलं, हो म्हण गं बाई, हो म्हण.

"नको," छाया म्हणाली.

ऋतिकचा हात काही हलेना. मग तिनेच त्याच्या हाताखालून माऊस ओढून घेतला आणि विचारलं, "कुठं दाबायचं?" त्याने बोटाने दाखवलं, आणि तिने दाबलं.